पाठीवर बिऱ्हाड आणि माया लोकांचा देश

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा उपहासानेंच वापरतों. परंतु मेक्सिकोच्या पूर्वेकडील युकातान द्वीपकल्पांत तीन आठवडे हिंडून आल्यापासून त्या बिऱ्हाडाची थोरवी मला पटली आहे. पुतण्यानें आग्रह धरला म्हणून, साठी उलटल्यावर, मीहि पाठीवर पिशवी घेतली. तींत दोन जोड कपडे, एक पंचा, पाण्याची बाटली आणि टिपणवही एवढेंच सामान होतें. ओझें कमी असलें म्हणजे माणूस सामायिक मोटारीच्या थांब्यावर तेथील लोकांच्या शेजारीं उभा राहतो आणि त्यांच्याच पंगतीस जेवतो. या प्रवासांत आम्हांस जें सर्वांत मोलाचें गवसलें, तें अशा शेजारामुळेंच गवसलें.

या प्रदेशाची पहिली नवलाई अशी कीं, उत्तर युकातानांत वाहती नदी दृष्टीस पडत नाहीं. सारी भूमि चुनखडीची. पावसाचें पाणी खडकांतून झिरपतें आणि भूमिगत गुहांतून समुद्राकडे वाहतें. जेथें गुहेचें छत कोसळलें तेथें खोल विहिरी तयार झाल्या. माया भाषेंतील ‘झोनोत’ या शब्दावरून स्पॅनिश लोक त्यांना ‘सेनोते’ म्हणूं लागले. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं एक प्रचंड अशनि येथें आदळला आणि डायनोसॉरांचा अंत ओढवला. त्या आघाताचें विवर आज पुरून गेलें आहे. पण त्याच्या कडेनें असलेलें या विहिरींचें कडें अद्यापि नकाशावर स्पष्ट दिसतें. जेथें विहीर तेथें वस्ती, हा येथील इतिहासाचा पहिला नियम होय.

कान्कुनची गगनचुंबी विश्रामगृहें मागें टाकून आम्ही तुलुमला पोहोंचलों. सुमारें १२ मीटर उंच कड्यावर हें नगर वसलें आहे. तीन बाजूंस दगडी तट, चौथीस कॅरिबियन समुद्र. खालीं पिठासारखी पांढरी वाळू आणि मोरपिशी पाणी! २०११ सालापासून मात्र या किनाऱ्यांवर सारगासो नांवाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग वारंवार येऊन पडतात, हेंहि जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. तेराव्या ते पंधराव्या शतकांत येथें होड्यांतून व्यापार चाले. १५१८ सालीं हुआन दे ग्रिहाल्वाचीं स्पॅनिश जहाजें याच किनाऱ्यावरून गेलीं. एका देवळाच्या दारावर डोकें खालीं व पाय वर केलेला देव कोरला आहे. तो न्याहाळतां न्याहाळतां पुतण्यानें विचारलें, “काका, हें सारें बांधणारे लोक गेले तरी कोठें?”

“नाहींसे झाले म्हणतात,” मी उत्तर दिलें. तें उत्तर माझें मलाच रुचलें नाहीं.

पुढें कोबा येथें पांढऱ्या चुनखडीचा एक प्राचीन रस्ता पाहिला. तो याशुना गांवापर्यंत सुमारें १०० किलोमीटर जातो. आणि तो बांधणाऱ्यांजवळ ना गाडी होती, ना बैल. चिचेन इत्सा येथील कुकुल्कानचा पिरॅमिड तर दगडी पंचांगच म्हणावें. चारी बाजूंस प्रत्येकीं ९१ पायऱ्या व माथ्यावरची एक, मिळून ३६५. संपाताच्या सुमारास दुपार कलतांना जिन्याच्या कठड्यावर छायाप्रकाशाचे त्रिकोण पडतात आणि नाग खालीं सरपटत असल्याचा भास होतो. आतां वर चढण्यास मनाई आहे, तें योग्यच. जवळच्या पवित्र विहिरीचा गाळ विसाव्या शतकाच्या आरंभीं उपसला, तेव्हां जेड, सोनें आणि माणसांच्या अस्थि निघाल्या. पर्जन्यदेव ‘चाक’ याला प्रसन्न करण्यासाठीं येथें नरबळीहि दिले जात, हें लपविण्याचें कारण नाहीं.

उश्माल येथें त्याच चाकाचे लांब नाकाचे मुखवटे भिंतोभिंतीं दिसतात. परंतु माझी नजर खिळली ती एका चौकांतील दारांवरच्या नक्षीवर. तेथें दगडांत एक साधी, गवतानें शाकारलेली झोंपडी कोरली आहे. राजवाड्यासारख्या इमारतीवर गरिबाचें घर कां कोरावें, याचा विचार करीत आम्ही मनी गांवाकडे निघालों.

मनी येथें १२ जुलै १५६२ रोजीं दिएगो दे लान्दा या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें मायांच्या मूर्ति फोडविल्या आणि त्यांच्या पोथ्या अग्नींत घातल्या. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या त्या पोथ्यांपैकीं आज सबंध जगांत अवघ्या चार उरल्या आहेत. त्यांतील ड्रेस्डेन येथील पोथींत शुक्राच्या उदयास्तांचीं व ग्रहणांचीं कोष्टकें आहेत. शून्यासाठीं स्वतंत्र चिन्ह या लोकांनीं आपल्या पूर्वजांप्रमाणेंच स्वतःच्या बुद्धीनें योजिलें होतें. ज्या घरांत आजोबांच्या पोथ्या तांबड्या फडक्यांत बांधून ठेवलेल्या असतात, त्या घरच्या माणसास मनीच्या त्या मठासमोर फार वेळ उभें राहवत नाहीं. दैवगति अशी कीं, पुढें त्याच लान्दानें या लोकांविषयीं लिहून ठेवलें, आणि त्यांतील अक्षरांच्या आधारें १९५२ सालीं सोव्हिएत विद्वान यूरी क्नोरोझोव्ह यांनीं माया लिपीच्या वाचनाची वाट दाखविली. ज्या हातानें कुलूप घातलें, त्याच हातानें किल्ली मागें ठेवली!

परततांना मोटारींत दोन वृद्ध स्त्रिया आमच्या शेजारीं बसल्या. नक्षीदार पोलकीं, मांडीवर मक्याचें गाठोडें. पुतण्यास थोडें स्पॅनिश येतें. पण त्यांचें बोलणें त्यास कळेना. त्यानें विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, “माया.”

त्यांच्याच गांवीं आम्ही उतरलों. समोर घर उभें होतें: दोन्ही टोकांस गोलाकार, वर गवताचें शाकार. उश्मालच्या दगडांत कोरलेली झोंपडी ती हीच! फरक एवढाच कीं, हिच्यांतून धूर निघत होता. आंत चुन्याच्या पाण्यांत शिजविलेला मका दळून त्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकणें चालू होतें. कोपऱ्यांत दगडी पाटा-वरवंटा. शाकाहारी मनुष्यानें येथें एक सावधगिरी बाळगावी: उसळींत डुकराची चरबी घालण्याचा प्रघात आहे, म्हणून ‘सिन मांतेका’ असें आधींच सांगावें. अंगणांत फळांनीं लवलेला चिकू पाहून मला घोलवड आठवलें. या झाडाचें माहेर याच भागांत आहे. प्राचीन देवळांच्या दारांवरील तुळया त्याच्याच लाकडाच्या.

नवव्या शतकांत दक्षिणेकडील नगरें ओस पडलीं. अवर्षण व आपसांतील युद्धें हीं त्याचीं कारणें असावींत, असें संशोधक मानतात. परंतु ओस पडलीं तीं नगरें, माणसें नव्हेत. याच मायांनीं १८४७ सालीं बंड करून पुढें अर्धशतकाहून अधिक काळ झुंज दिली. २०२० च्या मेक्सिकन जनगणनेंत ही भाषा बोलणारे सुमारें पावणेआठ लक्ष लोक नोंदले गेले.

निघतांना त्या आजीबाईंनीं आमच्या हातावर फळें मोजून ठेवलीं: “हुनपेल, काअपेल, ओशपेल, कानपेल.” पांचवें फळ ठेवतांना मात्र त्यांच्या तोंडून “सिंको” असा स्पॅनिश शब्द आला. चारापुढील आंकडे आतां बहुतेक मायाभाषी स्पॅनिशमध्येंच मोजतात. नात दारांतून हांक मारीत होती, तीहि स्पॅनिशमध्येंच.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, हे लोक कोठेंच गेलेले नाहींत.”

मी मान डोलावली. एकोणसत्तर म्हणजे किती, हें यालाच मला दर खेपेस इंग्रजींत सांगावें लागतें, तें मात्र मी त्या वेळीं बोललों नाहीं.