इंजिनाची आंघोळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सोडून मोटारीच्या इंजिनाबद्दल लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझा हा लेख जमाखर्चातूनच निघालेला आहे. दोन हजार रुपये मोजून मी जे शिकलो ते इतरांना फुकट मिळावे, एवढाच हेतू.

आमच्याकडे एक जुनी वॅगन-आर आहे. वडील तिच्या मागच्या सीटा दुमडून बेकरीचा माल भरतात आणि खानापूर, नंदगड या बाजूच्या दुकानांना पोचवतात. टोस्ट, खारी, बटर, नानकटाई. घर त्या गाडीवर चालते, असे म्हटले तरी चालेल. २०२४ साली गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी वडील संध्याकाळी परतले तेव्हा गाडी तांबड्या चिखलाने माखली होती. सणाच्या तोंडावर गाडी स्वच्छ असावी म्हणून मी ती धुवायला घेतली. बाहेरून धुऊन झाल्यावर बॉनेट उघडले. आत तेलकट काळी पुटे, त्यावर धूळ, कोपऱ्यात कुजलेली पाने. मला चेव आला. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची धार बारीक केली आणि गरम इंजिनावर सोडली. चर्रर्र आवाज झाला, वाफ उठली. मला वाटले, काय छान धुतले जाते आहे!

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या सकाळी, गाडी मालाने गच्च भरून निघाली आणि देसूरच्या पुढे गचके खाऊ लागली. समोरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. चढ चढेना. शेवटी दुसरा टेम्पो ठरवून माल पुढे पाठवावा लागला. त्याचे भाडे अठराशे रुपये. गाडी उद्यमबागेत ओढून आणली. तिथल्या मेस्त्रींनी स्पार्क प्लगवरच्या कॉइल उपसल्या, तर एका प्लगच्या खळग्यात पाणी साचलेले. हवेने ते उडवले, कॉइल पुसून बसवली, दोनशे रुपये घेतले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नीर ब्याड तम्मा, अरिवी तगो." पाणी नको बाबा, फडके घे. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या वहीत ते दोन हजार रुपये 'किरकोळ' या सदरात लिहिलेले मी पाहिले. आम्हाला वर्गात शिकवतात त्याप्रमाणे ते 'असामान्य नुकसान' होते.

त्यानंतर पुढचे दोन-तीन रविवार मी मेस्त्रींकडे जाऊन बसलो. माझा पहिला प्रश्न होता : गाडी धो धो पावसात चालते, पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून जाते, तेव्हा काही होत नाही. मग नळीच्या पाण्यानेच काय बिघडले?

याचे उत्तर समजले की बाकीचे सगळे आपोआप समजते. पावसाचे पाणी बॉनेट अडवते. खालून आत येतात ते शिंतोडे. वायरींच्या जोडांना रबरी कडी असतात, त्या शिंतोड्यांसाठी केलेल्या असतात. वीतभर अंतरावरून एकाच जागी मारलेल्या धारेसाठी नव्हे. त्यातून गाडी जुनी असली की हे रबर उष्णतेने कडक झालेले असते आणि त्याची पकड सुटलेली असते. आता दाबाचा हिशेब पाहा. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे सुमारे एक बार दाब. आपल्या गच्चीवरची टाकी चार-पाच मीटर उंच असेल तर नळीला जेमतेम अर्धा बार मिळतो. गाड्या धुण्याच्या दुकानातला पंप शंभर बार आणि त्याहूनही जास्त दाब देतो. म्हणजे दोनशेपट. ती धार चिखल उडवते तशीच रबरी कडीच्या आतही घुसते. म्हणून बॉनेटखाली तो पंप चालवू देऊ नये, धुणारा कितीही आग्रह करो.

पण माझ्याकडे तर पंप नव्हता, नुसता अंगठा होता. तरी पाणी गेलेच. त्याला दुसरे कारण आहे. इंजिन गरम असताना या जोडांच्या आतली हवाही गरम, प्रसरण पावलेली असते. तिच्यावर एकदम थंड पाणी पडले की हवा आकुंचन पावते, आत पोकळी होते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. दबलेला रबरी ड्रॉपर पाण्यात सोडल्यावर पाणी वर चढते ना, तसेच. शिवाय तापलेल्या धातूवर एकाएकी थंड पाणी ओतणे धातूलाही मानवत नाही. विशेषतः एक्झॉस्टचा ओतीव भाग तडकू शकतो. आपल्या गावात ओतकामाचे इतके कारखाने आहेत. तिथल्या कोणालाही विचारावे.

तेव्हा पहिला नियम, इंजिन गार हवे. गाडी येऊन दोन-तीन तास झालेले असावेत. रात्रभर उभी असेल तर उत्तम. सावलीत लावावी, हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशात ठेवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून तोंडावर येते.

दुसरे काम बॅटरीचे. दहा नंबरच्या पान्याने आधी ऋण टोक सोडवावे, म्हणजे वजा खूण असलेले. हा क्रम का, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसते. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. आपण आधी धन टोक सोडवू लागलो आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअर प्रवाह त्या पान्यातून वाहतो. पाना लालबुंद होऊ शकतो, ठिणग्या उडतात, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू जवळपास असला तर स्फोटही होतो. ऋण टोक आधी सुटले की हा मार्गच बंद. जोडताना उलटे, आधी धन, शेवटी ऋण. हातात अंगठी किंवा कडे असेल तर ते काढून ठेवावे. सोने विजेचे फार चांगले वाहक आहे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-निळसर भुकटी जमते, ती आम्लामुळे. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दातांच्या ब्रशाने लावली की फेस येतो आणि ती सुटते. यासाठी मात्र दोन्ही टोके सोडवावी लागतात. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये, म्हणून वरची बुचे घट्ट आहेत का ते आधी पाहावे. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. टोके पुन्हा जोडल्यावर वरून थोडे व्हॅसलीन लावावे.

यानंतरचे काम कोरडेच करायचे, आणि माझ्या मते खरी सफाई हीच. पाने, काड्या, कचरा हाताने वेचावा. वायपरखालच्या जाळीत अडकलेली पाने विसरू नयेत. तिथली पाणी जाण्याची भोके बुजली तर पावसाचे पाणी गाडीत, पायांखाली येते. आमच्याकडे तर बॅटरीच्या मागे काथ्या, कागद आणि खारीचे तुकडे यांचे घरटे निघाले! बेकरीची गाडी म्हटल्यावर उंदरांनी आणखी कोठे जावे? पण यात थट्टा थोडी आणि धोका जास्त. उंदराच्या मुतातून लेप्टो हा आजार होतो. म्हणून घरटे कोरडे झाडून धूळ उडवू नये. मोजे घालून, नाकाला फडके बांधून, जंतुनाशकाच्या पाण्याने आधी ओले करावे, मग पिशवीत भरून टाकावे आणि हात साबणाने धुवावेत. मग आजूबाजूच्या वायरी नीट पाहाव्यात.

कोरडी धूळ रंगाच्या मऊ ब्रशाने झाडावी. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर जोर देऊ नये, ते वाकतात. एअर फिल्टर कागदी असेल तर कधीही धुवू नये.

आता तेलकट पुटे. जुन्या पद्धतीत ती रॉकेलने किंवा पेट्रोलने काढत, आणि अजूनही काही ठिकाणी काढतात. ते करू नये. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते; म्हणजे बेळगावच्या कोणत्याही ऋतूत तिला एक ठिणगी पुरते. रॉकेल जरा शांत, पण त्याची वाफ दोनशेदहा अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटते आणि चालत्या गाडीचा एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी पुढे जातो. फटीत राहिलेले रॉकेल दुसऱ्या दिवशी रस्त्यात काय करील ते सांगता येत नाही. शिवाय दोन्हींमुळे रबरी नळ्या आणि पट्टे फुगून खराब होतात. दुकानात पाण्यात मिसळणारे डिग्रीझर मिळते, ते सौम्य प्रकारचे घ्यावे. जहाल प्रकारामुळे अॅल्युमिनियम काळे पडते.

पाण्याचा थेंबही वापरण्यापूर्वी झाकाझाकी करावी. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, इंजिनाचा संगणक, कॉइल आणि हवा आत घेण्याचे तोंड यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. अल्टरनेटरला तर हवा खेळावी म्हणून मुद्दाम भोके ठेवलेली असतात, तेव्हा तो सर्वांत आधी. ऑइलचे झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑइलचे झाकण घट्ट आहेत ना, हे बोटाने तपासावे. मग डिग्रीझर फडक्यावर किंवा ब्रशावर घ्यायचे, इंजिनावर ओतायचे नाही. पुटांना लावून चार-पाच मिनिटे थांबावे, वाळू देऊ नये, ब्रशाने घासावे आणि ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे. पट्ट्याला ते लागू देऊ नये, तो घसरतो. पाणी लागलेच तर फुले शिंपायच्या पंपाने फवारावे, धार नको. वरून चकाकीचे तेल मारण्याची काहींना हौस असते. मला त्यात अर्थ दिसत नाही. धूळ बसायला आणखी एक निमित्त, एवढेच.

ज्यांच्याकडे विजेवर किंवा हायब्रीडवर चालणारी गाडी आहे, त्यांनी नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात. ती सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी.

काम झाले की पिशव्या काढून बॉनेट तास-दोन तास उघडे ठेवावे. कॉइलच्या खळग्यांभोवती आणि वायरींच्या जोडांवर कोरडे फडके फिरवावे. मग बॅटरी जोडून, सगळी फडकी आणि पाने मोजून बाहेर काढून, इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागच्या जागी चालवावे. हे उघड्या अंगणात करावे, बंद खोलीत नव्हे, कारण धुरातला विषारी वायू दिसत नाही. बॅटरी काढलेली असल्याने पहिली काही मिनिटे इंजिन थोडे वर-खाली होईल, त्याने घाबरू नये. घड्याळ तेवढे पुन्हा लावावे लागते.

एक गोष्ट मला मेस्त्रींनी नव्हे, आजीने शिकवली. आमच्या परसात विहीर आहे. मी तेलकट पाण्याची बादली मोरीकडे नेताना तिने अडवले, "त्या पाण्याचा पाझर विहिरीत जातोय, ठाऊक हाय न्हवं?" तेव्हापासून गाडीखाली जुने पोते अंथरून त्यावर लाकडाचा भुसा पसरतो, गळलेले सगळे तो पितो. कूलंट सांडला तर ताबडतोब पुसतो, कारण तो गोडसर असतो आणि विषारीही, कुत्री-मांजरे चाटतात. तेलकट चिंध्या बंबात जाळायला आईने काढल्या होत्या, त्याही परत घेतल्या. त्या भुसभुशीत पेटतात आणि त्यांचा धूर घरभर होतो. आता चिंध्या आणि भुसा मेस्त्रींच्या तेलाच्या पिंपाजवळ नेऊन देतो.

२०२५ च्या जानेवारीत मी पुन्हा बॉनेट उघडले, ते या पद्धतीने. तीन तास लागले आणि पाणी सारे मिळून दोन तांबे. आठवड्याने पाहिले तर स्वच्छ इंजिनावर एकाच ठिकाणी, वरच्या कव्हराच्या कडेने, तेलाची ताजी ओली रेघ उतरली होती, ती थेट एक्झॉस्टच्या दिशेने. सहा महिन्यांपूर्वी त्या काळ्या पुटांत ती दिसणे शक्यच नव्हते. ऑइल कमी का होते हे वडिलांना दोन वर्षे कळत नव्हते. कव्हराचे पॅकिंग बदलले. त्याच बैठकीत उंदराने अर्धी कुरतडलेली एक वायरही सापडली, तांबे उघडे पडलेली.

मेस्त्रींनी टेप गुंडाळता गुंडाळता विचारले, धुतले कशाने? मी फडके दाखवले. वडिलांनी त्या दिवशीचा खर्च 'दुरुस्ती व देखभाल' या सदरात लिहिला.