परदेशी अधिवेशनातील प्रतिनिधी आणि मराठीचे महाप्राण

इंग्रजीच्या अध्यापकांच्या परदेशी अधिवेशनास एखाद्या सहयोगी संघाचा प्रतिनिधी म्हणून जाणे म्हणजे नेमके काय करणे, असा प्रश्न विभागातील विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात. प्रश्नामागे थोडे कुतूहल असते, थोडा हेवाही असावा. एप्रिल २०१९ मध्ये लिव्हरपूल येथे भरलेल्या अधिवेशनास असा प्रतिनिधी म्हणून मी गेलो होतो. त्या निमित्ताने प्रतिनिधित्वाविषयी जे कळले, आणि मराठी ध्वनिव्यवस्थेविषयी जे पूर्वी ठाऊक असूनही कळले नव्हते, ते येथे मांडावयाचे आहे. माझ्या संघाचे नाव मी देत नाही. पुढे त्याच्याविषयी एक तक्रार यावयाची आहे, आणि ती व्यक्तीविषयीची नसून रीतीविषयीची आहे.

प्रथम संस्थेविषयी थोडे सांगितले पाहिजे. परभाषा म्हणून इंग्रजी शिकविणाऱ्यांची संघटना डब्ल्यू. आर. ली यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये इंग्लंडात स्थापन झाली. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण तिच्या नावास १९७१ मध्ये जोडले गेले व तेव्हापासून ती ‘आयाटेफल’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील ‘टिसॉल’ ही तिची समवयस्क संघटना १९६६ ची. आयाटेफलचे वार्षिक अधिवेशन वसंत ऋतूत ब्रिटनमधील निरनिराळ्या नगरांत भरते. तिच्याशी जोडलेले देशोदेशींचे सहयोगी संघ आज शंभराहून अधिक आहेत. मुख्य अधिवेशनाच्या आदल्या दिवशी या संघांच्या प्रतिनिधींची स्वतंत्र बैठक होते. तीत संघ कसे चालतात, सभासद कसे टिकतात, नियतकालिके कशी निघतात यांची चर्चा होते. प्रतिनिधीचे खरे काम या एका दिवसाचे. उरलेले दिवस तो इतरांसारखाच एक श्रोता असतो.

विदर्भातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भंडारा व आसपासच्या गावांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी ‘इंग्लिश टीचर्स क्लब’ या नावाने लहान लहान मंडळे चालविली. शिक्षकांनी आपापल्या गावी एकत्र बसून आपल्याच अडचणींचा विचार करावा, एवढाच त्यांचा साधा क्रम होता. पुढे २०१३ मध्ये ‘एआयनेट’ हे अखिल भारतीय जाळे उभे राहिले व तेही आयाटेफलचे सहयोगी झाले. मद्रासेत पद्मश्री एस. नटराजन यांनी उभारलेली ‘एल्टाय’ ही संघटना तर त्याहून पुष्कळ जुनी. तात्पर्य, अशा बैठकीस नागपूरकडचा माणूस जाणे ही अपूर्वाई नव्हे. तो तेथे काय घेऊन जातो हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

मी स्वतः काय घेऊन गेलो होतो? प्रांजळपणे सांगावयाचे तर अडचणींची एक यादी. साठ-सत्तर मुलांचे वर्ग. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे, स्वतः पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे गिरविलेल्या शिक्षकांवर पडलेला भार. आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, ‘मातृभाषेचा अडथळा’. मराठी मुलाच्या इंग्रजी उच्चारातील दोष मराठीमुळे उद्भवतात हे आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे, की ते एकदा पडताळून पाहावे असे कोणास वाटत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधातही या आशयाचे एक प्रकरण आहे.

सभागृहाच्या दाराशी प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी अडकविली जाते. माझ्या पट्टीवर नावाखाली गावाच्या जागी मी, काहीशा हौसेने, ‘सक्करदरा, नागपूर’ असे लिहिले होते. दिवसभरात ते नाव मी निदान सहा प्रकारांनी ऐकले. बहुतेकांनी ‘क्क’ मधील द्वित्व गाळले, कारण इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात असे द्वित्व अर्थभेदक नसते. ‘द’ चा ‘ड’ झाला, कारण इंग्रजांची जीभ दातांवर न टेकता त्यांच्या मागच्या उंचवट्यावर टेकते व आमच्या कानास तो वर्त्स्य ध्वनी मूर्धन्य भासतो. आणि आघात जाऊन बसला उपांत्य अवयवावर: ‘सकरडाऽरा’. येथे कोणाची चूक झाली असे मला वाटले नाही. आपल्या ध्वनिव्यवस्थेतून परका शब्द गाळून घेण्याचे जे काम प्रत्येक मनुष्य करतो, तेच त्यांनी केले. आम्ही तरी काय करतो? या वस्तीचे नाव कोणी ‘शक्करदरा’ लिहितो, कोणी ‘सक्करदरा’; आणि बुधवार बाजारात भाजी विकणारी बाई एकाच गिऱ्हाइकाशी अर्धे वाक्य मराठीत व अर्धे हिंदीत बोलताना कोणते रूप उच्चारील याचा नेम नसतो. पण तेच गाळणे इंग्रजी बोलताना आमच्या मुलाने केले, की आम्ही त्यास दोष म्हणतो. हा विचार मनात आला व तसाच गेला.

तो परत आला एका क्षुल्लक प्रसंगाने. संध्याकाळी निघताना वस्त्रे ठेवण्याच्या खिडकीवर मी माझा कोट मागितला. खिडकीतील तरुणी गोंधळली. मी शब्द पुन्हा उच्चारला. तेव्हा तिने अत्यंत सौजन्याने विचारले, की आपण बकरीविषयी बोलत आहात का? भाषाविज्ञानाच्या आचार्याने, अल्पप्राण-महाप्राणांवर पानेच्या पाने लिहून झाल्यावर, परक्या देशात आपली बकरी परत मागावी, यापरते दुसरे परीक्षण कोणते असणार!

या प्रसंगाचे शास्त्रीय स्वरूप असे. स्पर्श व्यंजन उच्चारताना मुखातील अडसर सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होण्याचा क्षण यांत काही अंतर असते. मराठी ‘ग’ मध्ये कंपन अडसर सुटण्यापूर्वीच सुरू असते. ‘क’ मध्ये ते सुटल्यानंतर अगदी लवकर सुरू होते. ‘ख’ मध्ये मध्यंतरी श्वासाचा झोत जातो व कंपन बऱ्याच उशिरा येते. लिस्कर व अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील हे अंतर मोजले, आणि त्या अकरांत मराठी होती. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या ‘क’ चे अंतर सेकंदाच्या सुमारे ऐंशी सहस्रांश भरते. मराठीच्या ‘क’ पेक्षा ते मराठीच्या ‘ख’ च्या पुष्कळच निकट आहे. उलट इंग्रजीचा शब्दारंभीचा ‘ग’ अनेकदा जवळजवळ अघोष असतो, म्हणजे आमच्या ‘क’ च्या शेजारी बसणारा. परिणामी आमचा ‘कोट’ इंग्रज कानास ‘गोट’ असा ऐकू यावा यात नवल नाही. तिच्या कानास हवा होता तो शब्द आमच्या लिपीत लिहावयाचा झाला, तर ‘खोट’ असा लिहावा लागेल.

मराठी मुलास इंग्रजीतील हा श्वासाचा झोत साधत नाही असे पाठ्यपुस्तके सांगतात. वस्तुतः तो त्यास उत्तम साधतो. ‘काल’ आणि ‘खाल’, ‘टोक’ आणि ‘ठोक’ यांत तो दोन वर्षांच्या वयापासून भेद करीत आला आहे. इंग्रज मुलाच्या भाषेत हा भेद अर्थभेदक नाही, आमच्या भाषेत आहे. मग अडचण कोठे येते? ती लिप्यंतराच्या संकेतात आहे. इंग्रजी ‘के’ व ‘सी’ ही अक्षरे आम्ही ‘क’ ने लिहितो, ‘टी’ हे ‘ट’ ने, ‘पी’ हे ‘प’ ने. महाप्राण अक्षरे आम्ही राखून ठेवतो ज्या जोड्यांत रोमन ‘एच’ दिसतो त्यांच्यासाठी. मूल ऐकून नव्हे तर वाचून बोलते, आणि शिक्षकही वाचूनच शिकलेला असतो. म्हणजे ज्यास आम्ही मातृभाषेचा अडथळा म्हणतो, तो येथे निदान अंशतः डोळ्याचा अडथळा आहे, आणि त्यावरील उपाय मातृभाषेतच तयार आहे. (‘फ’ च्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. शहरी तरुणांच्या तोंडी ‘फ’ आता पुष्कळदा ओष्ठ्य महाप्राण राहिलेला नसून दंत्योष्ठ्य घर्षक झाला आहे; तेथे हा उपाय लागू पडणार नाही.)

हे अंतर दुर्बोधतेस कितपत कारणीभूत होते, हा पुढील प्रश्न. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांचे या विषयावरील काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रज श्रोत्यांस भारतीयांचे इंग्रजी सरासरीने सत्तर टक्के समजते असे त्यांस आढळले, आणि दोषांत अग्रस्थान त्यांनी आघाताच्या गैरजागेस दिले. पुढे १९७९ मध्ये स्मिथ व रफिकझाद यांनी अकरा देशांतील श्रोत्यांस निरनिराळ्या देशांच्या वक्त्यांचे इंग्रजी ऐकविले, तेव्हा ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे ते वक्तेच सर्वांत सुबोध ठरतात ही समजूत टिकली नाही. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये निरनिराळ्या देशांच्या लोकांनी आपसात बोलावयाच्या इंग्रजीसाठी ध्वनींचा एक गाभा सुचविला. ज्यासाठी आमचे शिक्षक जीव टाकतात तो ‘थिंक’ मधील पहिला ध्वनी त्या गाभ्यात नाही. शब्दारंभीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ यांचा महाप्राण उच्चार मात्र आहे. जेनकिन्सबाईंची यादी सर्वांस मान्य आहे असे नव्हे. शब्दाघात त्यांनी वगळला, आणि बन्सल यांचे निष्कर्ष स्मरता मला ते धाडसाचे वाटते. परंतु महाप्राणाविषयी मतभेदास फारशी जागा नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मराठी भाषिकाजवळ इंग्रजाहूनही अधिक भांडवल आहे.

दुसऱ्या दिवशी एका लहानशा गटात मी ही बकरीची गोष्ट सांगितली, व तिच्या आधारे फळ्यावर ‘क’, ‘ख’, ‘ग’ मांडून दाखविले. यादी खिशातच राहिली. पश्चिम आफ्रिकेतील एका शिक्षिकेने विचारले, की वर्गात मराठीचा असा उपयोग करण्यास तुमच्याकडे परवानगी आहे काय? मला उत्तर देता येईना. परवानगी कोणी नाकारलेली नाही, पण शिक्षक स्वतःच ती स्वतःस देत नाहीत. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललो तर तपासनीस काय म्हणतील, ही भीती मी अनेक शाळांत पाहिली आहे.

या भीतीस इतिहास आहे. जानेवारी १९६१ मध्ये कंपाला येथील मॅकेरेरे महाविद्यालयात राष्ट्रकुलातील इंग्रजी-अध्यापनाची परिषद भरली. इंग्रजी केवळ इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक तो ज्याची ती मातृभाषा आहे, जितकी लवकर व जितकी अधिक तितकी बरी, आणि इतर भाषा वापरल्यास दर्जा खालावतो, अशा धारणा या परिषदेने दृढ केल्या, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले व त्या एकूण पाच धारणांस मिथके ठरविले. आमच्या तपासनिसांपैकी कोणी तो वृत्तांत वाचला असेल असे नाही. विचार पुस्तकांतून येतात त्याहून अधिक प्रशिक्षणवर्गांतून व शेऱ्यांतून येतात. याच्या उलट प्रवाहही आहे, आणि त्याची आठवण आम्हांस कमी असते. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्वैभाषिकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला, व १९६० मध्ये बिकट परिस्थितीतील इंग्रजी-अध्यापनावर पुस्तक लिहिले. एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळातील बंगलोर प्रकल्प तर जगभर कार्याधिष्ठित अध्यापनाच्या चर्चेत आजही आरंभस्थानी येतो. लिव्हरपूलच्याच अधिवेशनात संघटनेचे अध्यक्षपद कॅमेरूनच्या हॅरी कुचा यांच्याकडे आले. त्यांचे संशोधन मोठ्या, साधनहीन वर्गांविषयीचे आहे. म्हणजे आम्ही ज्यास अडचण म्हणून सांगतो तो तेथे अभ्यासाचा विषय झाला आहे, आणि त्या विषयात सांगण्यासारखे ज्याच्याजवळ सर्वाधिक आहे तो प्रतिनिधी गाऱ्हाण्यांची यादी घेऊन जातो.

आता ती तक्रार. परत आल्यावर संघाने मला एक छापील अर्ज भरावयास दिला. त्यात अधिवेशनात आपण काय शिकलात, कोणती नवी तंत्रे आणलीत, सभासदांस त्यांचा लाभ कसा देणार, असे रकाने होते. आपण तेथे काय सांगितलेत, यासाठी रकाना नव्हता. मी समासात चार ओळी लिहिल्या. त्या वृत्तात छापल्या गेल्या नाहीत. अर्ज करणाऱ्याचा यात काही हेतू नसावा. पण प्रतिनिधी म्हणजे बाहेरून काही आणणारा माणूस, ही समजूत त्या रकान्यांत इतकी सहज बसली होती की ती कोणास दिसलीही नाही. २०२० चे मँचेस्टर येथील अधिवेशन महामारीमुळे रद्द झाले, व पुढच्या प्रतिनिधीकडे देण्यासाठी मी जपून ठेवलेली टिपणे माझ्याच कपाटात राहिली.

त्यांतील काही भाग अलीकडे सक्करदऱ्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत करून पाहिला. पाचवीच्या मुलांस पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि त्या ओठांपासून दोन बोटांवर धरावयास सांगितले. ‘कोट’ म्हणताना पट्टी स्थिर राहते, ‘खोट’ म्हणताना हलते, हे त्यांस एका मिनिटात कळले. इंग्रजी शब्दाच्या आरंभी हे अक्षर आले की पट्टी हलली पाहिजे, एवढाच नियम दिला. लिहावयाचे मात्र नेहमीप्रमाणेच. वर्गशिक्षिकेस थोडी काळजी वाटली.

“सर, मुले घरी जाऊन कोटाला खोट म्हणू लागली, तर पालक मला काय म्हणतील?”

मी म्हणालो, की मराठीत बोलताना कोटच म्हणतील, त्यांस दोन्ही येतात. बाईंचे समाधान झालेले दिसले नाही. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, की ‘स्कूल’ म्हणताना त्याची पट्टी हलत नाही, तर त्याचे चुकते आहे का? त्याचे चुकत नव्हते. ‘स’ च्या मागून आलेल्या ‘क’ ला इंग्रजही श्वासाचा झोत देत नाहीत. हा अपवाद मी त्या दिवशी सांगावयाचा नाही असे ठरविले होते.