काबिजाद : जेत्याने दिलेले नाव

म्हापशाहून उत्तरेला निघालेली बस कोलवाळचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात शिरते. इतिहासाच्या भाषेत ती जुन्या काबिजादीतून नव्या काबिजादीत शिरलेली असते. काबिजाद म्हणजे जिंकलेला मुलूख.

जिंकलेल्या भूमीला नाव देऊन तिचा कारभार बसविण्याची रीत जुनी आहे. इ. स. पू. 241 मध्ये रोमनांनी कार्थेजकडून सिसिली बेट घेतले. तो त्यांचा पहिला सागरपार प्रांत. त्यांचा ‘प्रोव्हिन्किया’ हा शब्द मुळात अधिकाऱ्यावर सोपविलेल्या कामगिरीचा. पुढे तो भूमीलाच चिकटला. करवसुलीसाठी मात्र त्यांनी सिरॅक्यूजचा राजा हिएरो याचा धान्याच्या दशमांशाचा जुना कायदाच पुढे चालविला.

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली आणि तिला ‘इल्यास’, म्हणजे ‘बेटे’, असे नाव दिले. 1526 च्या ‘फोराल’ने गावकरीचे पूर्वापार रिवाज लेखी नोंदवून महसूल त्यावरच बांधला. पुढे गावकरीला ‘कोमुनिदाद’ म्हटले गेले. 1543 मध्ये बार्देश आणि सासष्टी आले. जमिनीची व्यवस्था टिकली, धर्माला मात्र अभय मिळाले नाही : देवळे पाडली गेली, 1560 मध्ये इन्क्विझिशन आले आणि अनेक दैवते नदीपलीकडे गेली.

डिचोली आणि सत्तरी 1781-82 च्या सुमारास, तर पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. तोवर त्यांचे बळ ओसरले होते. शेजारच्या सत्तांच्या तोंडावर रयत दुखावणे परवडणारे नव्हते. म्हणून येथे धर्म आणि चालीरीतींना हात न लावण्याची हमी दिली गेली. 1853 मध्ये नव्या काबिजादींतील रूढींची संहिताच तयार झाली. तरीही सत्तरीच्या राण्यांची बंडे थांबली नाहीत. रूढी राखल्याने राज्य आपले होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, बार्देश म्हणजे बारा देश, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावे, अशी परंपरेची व्युत्पत्ती आहे. ही नावे तेथे वसलेल्या माणसांची मोजदाद करतात. ‘जुनी’ आणि ‘नवी’ काबिजाद ही नावे मात्र जेता केव्हा आला एवढेच सांगतात. पोर्तुगीज 1961 मध्ये गेले. पेडणे, डिचोली, सत्तरीची ओळख सांगताना आजही आपण त्यांचीच कालगणना वापरतो.