‘ओ’ गट, पण ‘ओ’चे रक्त चालेना!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नेहमीच्या पेशंटपैकी पस्तिशीतल्या एका बाईंना गर्भाशयातील गाठींमुळे अतिशय रक्तस्राव होत होता. हिमोग्लोबिन ६ वर आले होते. शस्त्रक्रियेसाठी त्यांना शहरातील रुग्णालयात पाठविताना मी चिठ्ठीत रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ असा लिहिला. बाळंतपणाच्या वेळच्या कार्डावर तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान तणतणत दवाखान्यात आले.

“डॉक्टरसाहेब, रक्तपेढीवाले ‘ओ’ची एकामागून एक पिशवी तपासतात आणि जुळत नाही म्हणतात. ‘ओ’ तर कुणालाही चालतो ना? मग ही अडवणूक कशासाठी?”

खरे तर ती अडवणूक नव्हती. रक्तपेढीने त्या बाईंचा जीव वाचविला होता. अधिक तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ नसून ‘बॉम्बे’ निघाला.

वाचकहो, हा गट खरोखरच आपल्या मुंबईत सापडला. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना तीन व्यक्ती अशा आढळल्या की, त्यांचे रक्त नेहमीच्या कोणत्याच गटात बसेना. ए, बी, एबी तर सोडाच, पण ‘ओ’च्या पेशींच्याही त्यांच्या रक्तद्रवात गुठळ्या होत. ‘तपासणीत चूक झाली असेल’ म्हणून हे प्रकरण बाजूला टाकणे सोपे होते. या डॉक्टरांनी ते टाकले नाही. लंडनमधील रक्तगटतज्ज्ञ रेस व सँगर प्रभृतींच्या सहकार्याने त्यांनी त्याचा छडा लावला आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. शहराच्या नावावरून या गटाला जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव पडले.

हे घडते कसे? घराचे उदाहरण घेऊ. आपल्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचा एक घटक असतो. ते जोते समजा. त्यावर ‘ए’ची किंवा ‘बी’ची खोली बांधली की तो तो गट होतो. दोन्ही बांधल्या की एबी. ‘ओ’ गटात नुसते जोते असते. बॉम्बे गटात मात्र जोतेच नसते! खोल्या नाहीत म्हणून साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ असल्याचे दिसते. पण या माणसांच्या रक्तद्रवात ‘एच’च्या विरुद्ध तीव्र प्रतिद्रव्ये असतात. त्यांना ‘ओ’चे रक्त दिले तर त्या पेशी शरीरात फुटू लागतात. थंडी-ताप, कंबरदुखी, गडद लाल लघवी ही लक्षणे दिसतात. मूत्रपिंडे निकामी होऊन रोगी दगावूही शकतो.

हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा, तर युरोपात दहा लाखांत एकाचा असल्याचे मानले जाते. तो आनुवंशिक आहे. आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच मूल या गटाचे होते. नात्यात लग्ने झालेल्या घराण्यांत ही शक्यता वाढते. आमच्या बाईंचे आईवडील आते-मामे भावंडेच होती.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ए किंवा बी चे जनुक लपलेले असू शकते व ते मुलात प्रकट होते. त्यामुळे आईवडील दोघेही कार्डावर ‘ओ’ आणि मूल मात्र ‘ए’ किंवा ‘बी’, असे घडू शकते. केवळ अशा कार्डावरून कोणी पत्नीच्या चारित्र्यावर संशय घेऊ नये. आधी रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्यावी.

काय काळजी घ्यावी?

रक्तगटाची तपासणी पेशी व रक्तद्रव अशी दोन्ही बाजूंनी करणाऱ्या रक्तपेढीतच करावी. नुसत्या काचपट्टीवरच्या तपासणीत ही चूक राहून जाते. रक्त चढविण्यापूर्वी जुळवणीची चाचणी, म्हणजे क्रॉसमॅच, झालीच पाहिजे. ‘गट माहीत आहे, लवकर द्या’ असा आग्रह धरू नये. बॉम्बे गट निघाल्यास सख्ख्या भावाबहिणींची प्रथम तपासणी करावी. प्रत्येकाचा तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते. अशा व्यक्तीने आपला गट लिहिलेले कार्ड सदैव जवळ बाळगावे व रक्तपेढीत नाव नोंदवावे. रक्त महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून साठ्यापेक्षा हाकेला धावून येणारा दाता मोलाचा!

आमच्या बाईंचे दोन भाऊ तपासले. धाकट्याचा गट ‘बी’ निघाला. थोरल्याचा बॉम्बे! त्याचे रक्त त्यांना दिले गेले आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. यजमान त्या रक्तपेढीत पेढे घेऊन गेले.

मी मात्र तेव्हापासून दुसऱ्याने लिहिलेला रक्तगट माझ्या चिठ्ठीत उतरवून घेत नाही. ‘रक्तगट तपासून घ्यावा’ एवढेच लिहितो.