म्हातारपणीचे मोडलेले हाड

पावसाळ्यात ओल्या पायरीवरून आजीचा पाय घसरतो, मनगट मोडते, आणि घरची मंडळी म्हणतात, "वय झाले, असे चालायचेच!" बेला-जैनथकडील गावांत आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता हे उद्गार आम्ही पुष्कळदा ऐकले आहेत. त्यांत माया असते, पण सत्य नसते.

उभ्याने नुसते पडताच हाड मोडले, तर ते आधीच ठिसूळ झालेले असण्याचा संभव मोठा. हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. त्यात जुने झिजते आणि नवे भरत जाते. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या हाडांची झीज वाढते. वृद्ध पुरुषही ह्यातून सुटत नाहीत. हा विकार दुखत नाही. उंची घटते, पाठीस बाक येतो, आणि पुष्कळदा मोडलेले मनगट हीच पहिली सूचना ठरते. ती ओळखली नाही, तर पुढची पाळी खुब्याची. आणि खुबा मोडलेले माणूस पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखे चालत नाही.

म्हणून प्लास्टर निघाले की काम संपले असे समजू नये. हाडांची घनता मोजावी काय, हे डॉक्टरांस विचारावे. डेक्सा तपासणीत टी-अंक उणे २.५ किंवा त्याखाली आल्यास औषध लागते. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, काही खाऊ नये. नाहीतर अन्ननलिकेस इजा होते. मूत्रपिंड अधू असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे.

प्रौढ माणसास रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपल्या ज्वारीच्या शंभर ग्रॅमांत ते तिसांहून कमी, तर नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. भाकरी सोडू नये; तिच्या जोडीस नाचणीची आंबील, दही, तिळाची चटणी असावी. अंगावर ऊन घ्यावे, रोज चालावे, विडी आणि दारू सोडावी.

आणि वाचकहो, आज रात्रीच घरात एक फेरी मारा. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत दिवा आहे काय? शेवाळलेली फरशी घासली काय? आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू पिकला काय? पायरीपाशी हाताला धरावयास एक बांबू ठोकणे हे तासाभराचे काम आहे. ते राहून गेले, तर त्याची किंमत आजी अंथरुणावर पडून मोजते.