बंदीच्या दिवसांत डोंगराकडेही लक्ष असू द्या



१ जून ते ३१ जुलै बंदी असते. ट्रॉलर धक्क्याला, होड्या किनाऱ्यावर, माणसं घरी. समुद्राचा धोका नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण दरडी कोसळण्याचे दिवसही नेमके हेच. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, शिरूर १६ जुलै २०२४. सगळ्या तारखा बंदीतल्याच.

यातलं शिरूर आपल्याला सगळ्यात जवळचं. कारवारच्या दक्षिणेला, अंकोला तालुक्यात, गंगावळी नदीच्या काठी. रस्ता रुंद करायला तिथे डोंगराचा पायथा कापलेला होता. दरड आली ती हमरस्ता ओलांडून थेट नदीत गेली. मातीने ढकललेलं पाणी लाटेसारखं पलीकडच्या काठावर चढलं आणि उळुवरे गावातली घरं मोडली. म्हणजे डोंगर एका काठाला आणि नुकसान दोन्ही काठांना. वाहून गेलेला एक ट्रक नदीच्या तळातून काढायला सप्टेंबर उजाडला, त्यासाठी गोव्याहून ड्रेजर न्यावा लागला.

असं का होतं?
आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि त्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती असते. जांभ्याच्या भोकांतून पाणी आत उतरतं, शेडीत साठतं. मातीत पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि चढणीवरचा अख्खा थर चिखल होऊन खाली येतो. पायथा कापणं म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचा टेकू काढण्यासारखं आहे. होडी लगेच कलंडेल असं नाही, पण तिला आधार उरत नाही.

पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असंही नाही. आत मुरलेलं पाणी नंतरही काम करत असतं. आणि बंदी उठली म्हणून विसरू नका. कारवारजवळ कडवाडला दरड कोसळली ती ऑक्टोबर २००९ मध्ये.

धोक्याच्या जागा कोणत्या?
• घर, रस्ता किंवा खाणीसाठी उभा कापलेला डोंगर, त्याचा पायथा आणि माथा
• डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळाचं तोंड
• पूर्वी दरड आलेली जागा
• नदी अरुंद आहे आणि एका बाजूला कापलेला डोंगर आहे, तिथले दोन्ही काठ. होड्या बांधायची जागा निवडताना हे बघा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबाने पश्चिम घाट आणि कोकणातला सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर भाग दरडप्रवण आहे. आपला भाग त्यात येतो का, हे पंचायतीत किंवा तहसील कार्यालयात विचारा.

खुणा कोणत्या?
जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग. झाड, विजेचा खांब कलणं. दार अचानक अडकायला लागणं. झऱ्याचं पाणी गढूळ होणं. भर पावसात ओहोळ एकाएकी आटणं, म्हणजे वर कुठेतरी मातीने वाट अडवलेली असू शकते. डोंगरातून घरघर आवाज.

यातली एक जरी खूण दिसली तरी सामान गोळा करत बसू नका. उताराच्या दिशेने खाली नव्हे, आडवं बाजूला पळा आणि ११२ ला फोन करा. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर डोंगराखालच्या कुटुंबांनी रात्र नातेवाइकांकडे किंवा शाळेत काढावी. माळीणला लोक घरातच सापडले.

होडीमालकांना एक विनंती. नदीत बांधलेल्या ट्रॉलरवर रात्री झोपणारे खलाशी पुष्कळदा परराज्यातले असतात. हा मजकूर त्यांना वाचता येणार नाही. त्यांना तोंडी सांगा, आणि अलर्टच्या रात्री त्यांची झोपायची सोय काठापासून दूर करा.