सुरुंगाचा नारिंगी धूर

काही वर्षांपूर्वीची, ऐन पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी खदानीवरचा एक कामगार बदलापूरच्या माझ्या दवाखान्यात आला. "डॉक्टर, घसा खवखवतोय, खोकल्याचं औषध द्या." नाडी ठीक, छाती साफ. मी सहज विचारले, "आज बार उडवला का?" तो म्हणाला, "हो. धूर नारिंगी होता. दगड किती फुटला ते बघायला लगेच आत गेलो."

मी औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्याला रुग्णालयात पाठवले. तो कुरकुरतच गेला. मध्यरात्रीनंतर त्याला भयंकर दम लागला. प्राणवायू हाताशी होता म्हणून तो वाचला.

असे का होते? स्फोटक नीट जळले तर मुख्यतः पाण्याची वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. होलात पाणी शिरून स्फोटक भिजले की नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी-नारिंगी विषारी वायू वाढतो. तो पाण्यात चटकन विरघळत नाही. त्यामुळे नाका-घशाला थोडासाच झोंबतो आणि थेट फुफ्फुसात खोलवर जातो. काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरते. दुपारी हसणारा माणूस रात्री गुदमरतो तो यामुळे.

आपल्या भोर घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तेव्हा डायनामाइट नव्हते. नोबेलने त्याचे पेटंट 1867 मध्ये घेतले. घाटातला कातळ साध्या दारूने फोडला गेला. आज बार आखून उडवता येतो. होल मोकळ्या कड्यापासून किती दूर, दोन होलांत अंतर किती, तोंड खडीने किती ठासायचे, हे आधी ठरवतात. ठासणी कमी पडली तर दगड उडतात. सगळे होल एकदम न फोडता काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने फोडले तर घरांना हादरा कमी बसतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा, कंपनाच्या वारंवारितेनुसार, सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर आहे. ओल्या होलांत पाण्यात टिकणारे स्फोटकच वापरावे लागते. ही आखणी चुकली की रोगी माझ्याकडे येतो.

वाचकहो, खदानीवर घरचे कोणी असेल तर एवढे लक्षात ठेवा :

1. धूर पूर्ण निवळेपर्यंत आणि जबाबदार माणसाने तपासून सांगेपर्यंत आत जाऊ नये. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.

2. नारिंगी धूर अंगावर आला तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न धावता आडवे बाजूला व्हावे, आणि त्रास नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धुराचा रंग डॉक्टरांना जरूर सांगावा.

3. त्या दिवशी श्रमाचे काम नको. रात्री रोग्याला एकटे झोपू देऊ नये.

4. बरे वाटल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दम लागला तर अंगावर काढू नये. हा त्याच वायूचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो.

एक दिवसाचा रोज बुडाला तर तो पुन्हा कमावता येतो. फुफ्फुसे गेली तर ती परत मिळत नाहीत.